अकरा वर्षांत एकही मासा नाही

आमच्या सिडकोतल्या घरात टीव्हीच्या वर एक फोटो लावलेला आहे. त्यात मी होडीत उभा आहे आणि माझ्या दोन्ही हातांत चांगली चार किलोची, लालभडक तांबोशी मासळी आहे. घरी येणारा माणूस आधी फोटोकडे बघतो, मग माझ्याकडे, मग पुन्हा फोटोकडे. मी चहाचा घोट घेतो आणि सहज म्हटल्यासारखं म्हणतो, "हां, ते मालवणचं." नेमकं त्याच वेळी सुनीताला, म्हणजे माझ्या बायकोला, स्वयंपाकघरात काहीतरी आठवतं आणि ती उठून जाते. ती तांबोशी मी धरलेली नाही, हे तिला ठाऊक आहे.

दर जानेवारीत आम्ही मालवणला जातो. माणसं समुद्रावर पोहायला, वाळूत लोळायला किंवा नुसती मासे खायला जातात. आम्ही जातो खडपावर गळ टाकायला. खडप म्हणजे समुद्राच्या तळाशी असलेला खडकांचा पट्टा. किनाऱ्यापासून तासभर आत गेलं की होडी नांगरायची आणि खाली दोरी सोडून बसायचं. मोठे मासे त्या कपारींत राहतात असं म्हणतात. मी 'म्हणतात' म्हणतो, कारण अकरा वर्षांत माझ्या गळाला त्यातला एकही लागलेला नाही. सुनीताला लागलेत. आमची मुलगी ऋचा सहावीत असताना तिला पहिला लागला आणि आता ती कॉलेजला आहे, मोजणं तिने सोडून दिलं आहे. मी मात्र दर वर्षी दोन गळ, एक टोपी आणि सकाळचा नाश्ता समुद्राला अर्पण करून परत येतो.

पहिल्याच वर्षी आमच्या होडीच्या मालकाला, बाबी तांडेलांना, माझी दया आली होती. स्वतः धरलेली तांबोशी माझ्या हातात देत ते म्हणाले, "धरा सायबानू, एक फोटो काडूया." मी धरली. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. गावाकडे धाकटा भाऊ संतोष शेती बघतो, त्याने तो आबांना दाखवला, आणि तिथून सगळा घोटाळा सुरू झाला.

आबा म्हणजे माझे वडील. फुलंब्रीच्या पुढे आमचं गाव, तिथे बारा एकर कापूस आणि मका. शेतातलं एकही काम मला धड जमलं नाही. माझ्या हातचा नांगर वाकडा जायचा, बैल मला बघून बसायचा आणि म्हैस तर लाथ मारायला माझी वाटच बघत असायची. शेवटी मी शिकलो, वाळूजला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये लागलो आणि आबांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. गावात कोणी विचारलं, की ते म्हणायचे, "हाय तिकडं. बरं चाललंय." बास. फोटो आल्यावर मात्र ते फाट्यावरच्या हॉटेलात बसून सांगायला लागले, "आमचा थोरला, दिलीप, समुद्रात मासे धरतो. ह्यो एवढा!" हात कोपरापर्यंत दाखवायचे. अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यात बापाने माझ्याविषयी चार लोकांत सांगितलेली ही एकच गोष्ट, आणि ती खोटी. ती खरी करावी म्हणून मी दर वर्षी जायचो आणि दर वर्षी हात हलवत यायचो.

यंदा आबा म्हणाले, "म्या बी येतो. एकदा बघू दे कसा धरतो तू."

सुनीताने माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी उलटली.

मालवण, शनिवार

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. एवढंच, की कोल्हापूर सोडून घाट उतरायला लागल्यावर आबा खिडकीबाहेर टक लावून बघायला लागले. तासाभराने म्हणाले, "एवढी झाडं हायेत आन पीक कुठंय?" कोकणातला माणूस झाडांवर जगतो, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

बाबींच्या घरीच आम्ही उतरतो. दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात, आणि स्वयंपाक त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, करतात. संध्याकाळी आबांना समुद्र दाखवायला नेलं. त्यांनी चपला काढल्या, धोतर वर खोचलं, घोटाभर पाण्यात उभे राहिले, ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं आणि थुंकले. "एवढं पाणी," ते म्हणाले, "आन एक वाफा भिजवायच्या कामाचं नाय." मी काहीतरी भव्य ऐकायच्या तयारीत उभा होतो.

जेवायला बांगड्याचं तिखलं होतं, भात होता, सोलकढी होती. आमच्याकडे पाहुण्याला 'घ्या, घ्या' म्हणत ताटात ढकलायची रीत; इथे वहिनी भांडं मध्ये ठेवून बाजूला होतात. आबा दोन मिनिटं वाट बघत बसले, की कोणी आग्रह करील. मग स्वतःच वाढून घेतलं, एक घास खाल्ला आणि पिशवीतून घरचा ठेचा काढला. वहिनींनी कौतुकाने त्यातला जरासा चाखला आणि त्या उठून मागच्या दारी गेल्या, त्या बऱ्याच वेळाने आल्या.

जेवण झाल्यावर मी बाबींना बाजूला घेतलं. म्हटलं, "बाबी, उद्या एक मासा माझ्या गळाला लावून द्या. आबांचं लक्ष नसताना. पहिल्या वर्षी केलंत तसंच."

बाबींनी मान हलवली. मग म्हणाले, "सायबानू, फोटोत खोटा चलता. बापाशीच्या तोंडार खोटा माका जमाचा नाय." वर हेही सांगितलं, की तीन दिवस वारा होता, होड्या गेल्याच नव्हत्या, त्यामुळे उद्या काय मिळेल ते सांगता येत नाही.

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं.

रविवार सकाळ, बाजार

सगळे आंघोळीच्या गडबडीत असताना मी 'दूध आणतो' म्हणून निघालो आणि मासळी बाजारात गेलो. वाऱ्यामुळे बाजार निम्मा रिकामा होता. बारके मासे होते, सुकट होतं, पण आबांच्या कोपरापर्यंत पोचेल असं काही नव्हतं. एका मावशीकडे मात्र बर्फात एक धिप्पाड मासा होता, रुपेरी, रुपयाएवढे खवले, मोठं डोकं.

"कसलो गे मावशी?" मी अकरा वर्षांत शिकलेली मालवणी वापरली.

"तुमचोच हा तो," ती माझ्या बोलण्यावरून मला बरोबर ओळखून म्हणाली. "घाटावरसून ट्रकान इल्लो. धरणातलो, कटलो. हॉटेलवाले घेतत. समुद्रातलो होयो तर परवा येवा."

परवा माझ्या काय कामाचा? मी मनाशी विचार केला: आबा उभ्या जन्मात फुलंब्री आणि शहर सोडून कुठे गेलेत? मासा तो मासा. त्यांना खारा काय आणि गोडा काय. मी कटला घेतला, दोन पिशव्यांत गुंडाळला आणि आमच्या बर्फाच्या पेटीत पाण्याच्या बाटल्यांखाली दडवला. सुनीताने विचारलं, "दूध?" मी म्हटलं, "संपलं होतं." तिने पेटीकडे एकदा बघितलं आणि कपाळाला हात लावला.

खडपावर

होडीपाशी पोचताच आबांनी पहिली चूक केली. आमच्याकडे माणूस दिसला, की 'कुठं निघालं?' विचारणं हीच रामराम. आबा लांबूनच ओरडले, "काय मालक, कुठं नेता? घावतील का आज?" बाबींचा चेहरा पडला. कोकणात समुद्रावर निघालेल्याला कुठे चाललास विचारत नाहीत आणि मिळेल का हे तर मुळीच नाही. बाबींनी मुकाट्याने नारळ काढला, पाण्याला वाहिला, हात जोडले. मी आबांच्या कानात कारण सांगितलं. ते ओशाळले आणि पुढचा अर्धा तास तोंडातून शब्द काढला नाही.

माझ्या तोंडातून मात्र बरंच काही निघालं. दर वर्षी मी गोळी घेतो आणि दर वर्षी होडी बंदराबाहेर पडली, की मी काठाला पोट टेकवतो. आबा पन्नास वर्षं बैलगाडीत बसलेले. ते ताठ बसून होते आणि माझी पाठ चोळत होते. मासे धरायला आलेल्या तरबेज मुलाची पाठ. ऋचा तोंडात ओढणी धरून हसत होती.

तासाभराने बाबींनी इंजिन हळू केलं आणि मागे वळून किनाऱ्याकडे बघायला लागले. आबांनी न राहवून विचारलं, "आता काय बघता?"

"थयसर देवळाचो कळस दिसता? आणि मागे डोंगराची खाच? कळस खाचीत बसलो, की खाली खडप."

आबांचा चेहरा उजळला. "आमचा बांध बी तसाच हाय! मारुतीचं देऊळ आन पाटलाचा लिंब एका रेघंत आला, की तिथून आपलं रान." मग विचारलं, "किती परस खोल?"

बाबींना परस कळेना. आबांनी उभं राहून, हात वर करून दाखवलं: विहीर खणताना एवढ्याला एक परस. बाबींनी दोन्ही हात आडवे पसरून दाखवलं: दोरी मोजताना एवढ्याला एक वाव, आणि इथे बारा वाव. मग दोघं म्हातारे हलत्या होडीत एकमेकांसमोर हात वर-खाली, आडवे-उभे करत हिशोब जुळवायला लागले. अकरा वर्षांत बाबी माझ्याशी एवढं बोलले नव्हते.

कोळंबी लावून आम्ही दोऱ्या सोडल्या. इथे काठी नसते. दोरी तर्जनीवरून घ्यायची आणि बोटाला काय कळतं ते बघत राहायचं. माझ्या बोटाला फक्त गार वारा कळतो. आबांनी दोरी घेतली, दोनदा वर-खाली करून पाहिली आणि डोळे मिटले. झोपले की काय, असं मला वाटलं. दहा मिनिटांत त्यांनी हात झटकला आणि दोरी ओढायला लागले, न थांबता, न घाई करता. वर आली ती वीतभर गुलाबी राणी मासळी. मग आणखी एक. मग एक चांगली दीड किलोची तांबोशी.

"आबानू, तुमी आधी खंय गरवलात?" बाबींनी विचारलं. गरवणं म्हणजे गळाने मासे धरणं.

"विहिरीत," आबा म्हणाले. "बादल्या."

तेव्हा मला आठवलं. गावात कोणाची बादली विहिरीत पडली, की आबांना बोलावणं यायचं. लोखंडी गळ दोराला बांधून ते काठावर बसायचे, डोळे मिटून, आणि तळाशी नुसत्या दोरावरून बादलीची कडी शोधायचे. मी लहानपणी शेजारी बसून कंटाळायचो.

एवढ्यात माझी दोरी ताठ झाली! मी ओरडलो. सगळे धावले. मी ओढतोय, पाय काठाला लावलेत, घाम फुटलाय, मासा इंचभर हलत नाही. "मोठाय!" मी म्हणालो. "हेकरू असणार, दहा किलोचा!" पाव तास मी झुंजलो. बोट कापलं. बाबी क्षितिजाकडे बघत होते. शेवटी आबा जवळ आले, माझ्या दोरीला दोन बोटं लावली आणि हळूच म्हणाले, "दगड हाय त्यो. दगड गप बसतो."

बाबींनी दोरी कापली. मी मुकाट्याने होडीच्या मागच्या टोकाला जाऊन बसलो. आबांच्या पायाशी सहा मासे होते, सुनीताकडे दोन, ऋचाकडे तीन. बाप बघायला आला होता, आणि त्याने हे बघितलं होतं. आता पेटी उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आबांची पाठ माझ्याकडे होती. बाबी कोळंबी सोलत होते. मी टॉवेलखाली कटला काढला, त्याच्या जबड्यात माझा दुसरा गळ अडकवला, अलगद पाण्यात सोडला, मनात वीस आकडे मोजले आणि बोंब ठोकली. "लागला! आबा, लागला!"

या वेळी मासा सहज आला. फारच सहज. मी तरी मधेमधे थांबून 'अरे बापरे, ताकद बघा' असं म्हणत होतो. होडीत घेतला, दोन्ही हातांनी आबांसमोर धरला. ऋचाचं तोंड उघडं राहिलं. सुनीताने डोळे मिटून घेतले. बाबींनी माशाकडे एकदा बघितलं आणि टोपी चेहऱ्यावर ओढली.

आबांनी मासा हातात घेतला. उलटापालटा केला. कल्ला उचलून आत बघितलं.

"लई गार हाय," ते म्हणाले. "समुद्र खाली गार असतो का मालक?"

बाबींनी टोपी आणखी खाली ओढली. टोपी मात्र हलत होती.

"कटला हाय ह्यो," आबा शांतपणे म्हणाले. "आपल्या पाझर तलावात बीज सोडत व्हतो आम्ही. सात वर्सं कमिटीवर व्हतो म्या. पावसाळ्यात बोटाएवढं सोडायचं आन उन्हाळ्यात जाळं टाकायचं." मासा त्यांनी फळीवर ठेवला. "पैठणच्या धरणातून इथवर आला म्हणजे लई दमला असंल."

ऋचा फुटली. मग सुनीता. मग बाबी इतके हसले, की होडी डुचमळली. मी हसलो नाही. सात वर्षं आबा त्या तलावाच्या कमिटीवर होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी शहरात होतो; दर सुट्टीत जायचो, जेवायचो, झोपायचो आणि परत यायचो. त्यांनी काय केलं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला खरंच लाज वाटली, माशाची नव्हे, त्याची.

"आबा," मी म्हणालो, "मी अकरा वर्षांत एकही मासा धरलेला नाही. तो फोटोतला बाबींचा आहे."

"ठावं हाय मला."

"कवापासून?" माझ्या तोंडून गावचीच भाषा निघाली.

"पयल्या दिवसापासून. चार किलोचा मासा वर वढला आन शर्टाची इस्त्री मोडली नाय? आत्ता बघ स्वतःकडं."

मी बघितलं. शर्टाला ओकारी, कोळंबी आणि बोटाचं रक्त लागलेलं होतं.

"मग गावात कामून सांगत होता?"

आबांनी गळाला नवी कोळंबी लावली. "लोकं विचारतेत ना पोरगा काय करतो. संतोषचं सांगाया रान हाय, बैलं हायेत. तुझं काय सांगू? स्टोअर म्हंजी काय, ते मलाच कळत नाय." दोरी पाण्यात सोडून ते पुन्हा डोळे मिटून बसले.

त्या रात्री वहिनींनी तांबोशीचं सार केलं आणि राण्या तळल्या. कटला आबांनी स्वतः चुलीवर रांधला, आमच्या पद्धतीने, काळ्या मसाल्यात. बाबींनी 'धरणातलो' म्हणून आधी नाक मुरडलं आणि मग दोनदा रस्सा मागून घेतला. मी नुसता भात चिवडत बसलो. बापाजवळ माझ्याविषयी सांगण्यासारखी एक गोष्ट होती; ती मी चार माणसांदेखत, मासा त्यांच्याच हातात देऊन, संपवली होती.

फाटा

परत आल्यावर आबांना संतोष येऊन घेऊन गेला. पंधरा दिवस मी गावाला जायचं टाळलं. मग पेरूची पाटी आणायच्या निमित्ताने जावंच लागलं. फाट्यावरच्या हॉटेलाबाहेर बाकड्यावर आबा बसले होते आणि भोवती त्यांच्या वयाची सहा-सात माणसं. मी गाडी लांबच थांबवली. आबा बसल्या जागेवरून उठून दोन्ही हातांनी माशाचं गारठलेलं अंग दाखवत होते.

सगळं सांगितलं त्यांनी. ओकारी सांगितली, दगड सांगितला, कटला तर दोनदा सांगितला. माणसं गुडघ्यावर हात मारून हसत होती. मी टपरीच्या आडोशाला उभा राहून ऐकत होतो आणि पळून जायला वाट शोधत होतो.

हसणं ओसरल्यावर एकाने डोळे पुसत विचारलं, "म्हंजी दिलीप तिथं काहीच धरत नाय म्हणा की!"

"काय बी धरत नाय," आबा म्हणाले. कपातला चहा त्यांनी बशीत ओतला. "पर मला समुद्र दाखवला त्यानं. तुमच्यातल्या कोणाच्या पोरानं दाखवला?"

आबांनी सावकाश चहा प्यायला.